भरल्या गाडीनं डांबर सोडलं

"हॅलो?… हॅलो, कोण?… अहो, तुम्ही! कुठून बोलू राह्यले?… काय?… धुळं? पोचले ना धुळ्याला?… हाव, येतं ऐकू. ओरडू नका, मला चांगलं ऐकू येतं… नाही, ते नंतर. आधी हे सांगा, धड आहात ना?… हात-पाय शाबूत?… अहो, माझं काय विचारता, मी घरी बसलेली, मला काय व्हायचंय!"

कुंदाबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. सकाळपासून त्या फोनजवळच्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांचे यजमान तोतारामआबा पहाटेच केळीच्या ट्रकमध्ये बसून धुळ्याला निघाले होते आणि जेवणाच्या आत पोचून फोन करतो म्हणाले होते. जेवणवेळ टळली, उन्हं ओट्यावरून अंगणात उतरली, तरी फोन गप्प. गाडी वेळेवर पोचली नाही, म्हणजे काय झालेलं असू शकतं, हे या घराला एकदा कळून चुकलं होतं.

"मग इतका उशीर कावून?… अडकली? काय अडकली?… गाडी?… थांबा, थांबा. कोणाला लागलं का?… कोणालाच नाही?… त्या ड्रायव्हरला बी नाही?… देवा रे! मग असं सांगा ना पहिल्यांदा. 'गाडी अडकली' म्हणून सुरू करतं का कोणी!… हाव. चिखलात. बरं… कोणता ढाबा?… अहो, शेवभाजीचं नंतर सांगा. मला सगळं ऐकायचंय, पण निघाले तिथून ओळीनं सांगा."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांची सून लता येऊन उभी राहिली होती. कुंदाबाईंचं ताट तिनं दोनदा वाढलं होतं आणि दोनदा झाकून ठेवलं होतं. कुंदाबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली, सुखरूप आहेत म्हणून. लता आत गेली. पण आतून भांड्यांचा आवाज काही सुरू झाला नाही.

"हाव, आहे इथंच. आत गेली आता… नाही, मी कशाला सांगू? तुम्ही धुळ्याला गेले एवढं ठाऊक आहे तिला. कशासाठी गेले, ते बी ठाऊक असणारच. आपलं घर काय इतकं मोठं आहे का, की एका खोलीतलं दुसरीत जाणार नाही!"

लता त्यांच्या लीलाधरची बायको. लीलाधर स्वतःचा ट्रक चालवत असे. रावेरकडची केळी भरायची आणि सुरतेच्या बाजारात नेऊन टाकायची. मागच्या वर्षी पावसाळ्यात तो गेला. लताचे वडील आधीच वारलेले, आई धरणगावला, थकलेली. ती म्हणाली, "पोर तुमची आहे, तुम्ही कराल ते खरं." तेव्हापासून हे दोघं म्हातारे, पोटच्या मुलीला पाहावं तसं, सुनेला स्थळ पाहत होते.

दोन स्थळं आली आणि गेली. तिसरं आणलं सावद्याच्या कौतिकनं. कौतिक केळीला गाड्या लावून देण्याचं काम करी. माणूस धुळ्याकडचा, नाव लोटन. बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही, शेत थोडं, धंदा ड्रायव्हरचा. 'ड्रायव्हर' म्हटल्याबरोबर कुंदाबाई चहा अर्धा टाकून उठल्या होत्या. पण कौतिकनं जाता जाता एक गोष्ट सांगितली. स्थळाचं काढल्यावर लोटननं ना रूप विचारलं, ना घर. एवढंच म्हणाला, "त्यांना स्वतःला लग्न करायचं आहे का, ते आधी विचारा." हे वाक्य कुंदाबाईंच्या मनातून जाईना. लताला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे सगळा भार पुन्हा यांच्याच डोक्यावर.

मग त्यांनी ठरवलं. पत्रिका पाहायची नाही, घरदार पाहायचं नाही. तो सुरतेला केळी नेतो त्या भरल्या गाडीत त्याच्या शेजारी बसून आबांनी धुळ्यापर्यंत जायचं आणि तो गाडी कशी चालवतो, तेवढं पाहायचं. आणि आपण कोण, हे त्याला कळू द्यायचं नाही.

"हं, बसले. सावदा, फैजपूर… ते राहू द्या हो, भुसावळ-जळगावचं मला नको. रुंद रस्त्यावर सगळेच शहाणे असतात. धरणगाव सोडल्यावरचं सांगा. तो अरुंद रस्ता लागला, मग?… काटा पाहिला का? मी काय सांगून पाठवलं होतं? त्याच्या तोंडाकडे पाहू नका, समोरच्या वेगाच्या काट्याकडे पाहा… म्हणजे?… बंद? काटाच बंद?… सगळ्याच गाड्यांचे बंद असतात, हे कोणी सांगितलं? त्यानंच?… वा! मग चाळीसच्या वर गेला नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?… लुना? कोणाची लुना?… दूधवाला? दोन्हीकडे कॅन बांधलेला?… आणि तो तुमच्या पुढं निघून गेला?… हात बी दाखवला?… अहो, मग चाळीस कसली, तीसच म्हणा."

कुंदाबाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि आपण हसतो आहोत हे लक्षात येताच विझलं.

"आणि पाटी?… वाचली?… हाव, तीच. 'अवजड वाहने, ताशी चाळीस.' लीलाधरच्या नंतर लावली ना ती… रंग उडाला? इतक्यात?… असो."

धरणगावहून अमळनेरकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर डांबराची पट्टी एकाच ट्रकपुरती होती. समोरून दुसरा आला की दोघांपैकी एकानं डावी चाकं खाली मातीत उतरवायची. कोणी उतरवायची, याबद्दल ड्रायव्हर लोकांचा आपसातला रिवाज ठरलेला. रिकामी गाडी खाली उतरते, भरलेली गाडी डांबर सोडत नाही. भरल्या गाडीचं चाक काळ्या मातीत रुतायची, गाडी कलंडायची भीती, म्हणून हा रिवाज. त्यात वाईट काही नव्हतं. पण दोन्ही गाड्या भरलेल्या असल्या, तर? तर जो आधी दिवा दाखवील, त्याचं डांबर. आणि दोघांनीही दाखवला, तर? त्यावर मात्र कोणाकडे उत्तर नव्हतं. हळू चालणाऱ्याला अशा वेळी शेवटच्या क्षणीही विचार बदलता येतो. लीलाधरच्या गाडीत केळी होती, समोरच्या गाडीत सिमेंट होतं, आणि दोघांपैकी कोणीच हळू नव्हतं.

दहाव्याला ड्रायव्हर मंडळी आली होती. त्यांतल्या एकानं आबांचा हात धरून सांगितलं होतं, "आबा, पोरगा वाघ होता. शेवटपर्यंत डांबर नाही सोडलं त्यानं." बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसेल. सांत्वनच करत होता तो. पण कुंदाबाईंना वाटलं होतं, हे जर कौतुक असेल, तर त्या रस्त्यावर आणखी कितीतरी आयांचे मुलगे जाणार आहेत.

"आता मला ते सांगा. समोरून भरलेली गाडी आली का?… कुठं?… नाल्याच्या मोरीजवळ?… म्हणजे तिथंच… अहो… अहो, बोला ना… आहात का?… हं. राहू द्या. सावकाश. तिथं पाणी आहे का?… मग घ्या थोडं. मी थांबते… बूथचा मीटर पळतो तर पळू द्या."

पलीकडून धुळ्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, आणि आबांचा श्वास. मुलगा गेल्यापासून आबा त्या रस्त्यानं एकदाही गेले नव्हते. आपणच त्यांना तिकडून पाठवलं, याचा विचार कुंदाबाईंच्या मनात आता आला. आधी कसा आला नाही?

"हं, सांगा… सळया? लोखंडाच्या?… म्हणजे दोन्ही भरलेल्या. दिवा कोणी दाखवला आधी?… समोरच्यानं. मग लोटननं?… दाखवलाच नाही?… वेग आणखी कमी केला. मग?… उतरवली? भरलेली गाडी? केळीची?… डावीकडे. रुतली असेल!… रुतणारच. काळी माती ती, वरून परवाचा पाऊस… कलली? किती?… आणि तुम्ही त्याच बाजूला बसलेले!… घाबरले का?… खरं सांगा, मी कोणाला सांगत नाही… हं. मी बी घाबरले असते… आणि तो सळईवाला थांबला का मदतीला?… हसला? काय म्हणाला?… नका सांगू, कळलं. शिवी कानात घेऊन पुन्हा तोंडातून काढायची काय गरज आहे… आणि लोटन? तो काय म्हणाला त्याला?… त्याला काही नाही. तुम्हाला?… काय? पुन्हा म्हणा… 'घाई कसानी शे, आबा?'"

कुंदाबाईंनी ते शब्द अगदी हळू, स्वतःशीच, आणखी एकदा म्हणून पाहिले. घाई कसानी शे. घाई कसली आहे. धुळ्याकडची ती बोली त्यांच्या माहेरच्या एका शेजारणीची होती. रागावली तरी ती रागावल्यासारखी वाटत नसे.

"मग काढली कशी बाहेर?… ट्रॅक्टर. कोणाचा?… ओळख ना पाळख, तरी आला ना वावर सोडून. देव त्याचं भलं करो. म्हणून उशीर झाला तर… आता सुरतेचा व्यापारी बोंब मारणार… माल पिकू लागेल ना वाटेतच… लोटनला म्हणाले का तुम्ही तसं?… मग?… 'केळी पिकणारच. केळीला दुसरं काम काय?' असं म्हणाला?… नाही, हसत नाही. हाव, हसले थोडी."

खुर्चीच्या पाठीला त्यांनी सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली. मनातली एक गाठ सैल होत होती, आणि तिच्याबरोबर दुसरं काहीतरी दुखायला लागलं होतं. लता जाणार. हे घर दोघांचं होणार. पण ते दुखणं चांगल्यातलं होतं. तसलं दुखणं सोसता येतं.

मग त्यांच्या मनात एक शंका आली.

"अहो, एक विचारू? त्याला ठाऊक नव्हतं ना, तुम्ही कोण ते?… अहो?… आता का वाचा बसली?… सांगितलं? कोणी? तुम्हीच?… कधी?… सावद्याला? म्हणजे गाडी हलायच्या आधीच?… 'कुठं निघाले आबा' असं कोणी विचारलं तर बहिणीकडे म्हणायचं, असं ठरलं होतं ना आपलं! दोनदा म्हणून दाखवलं होतं तुम्ही मला, इथं उभं राहून!… खोटं बोलवत नाही? कापूस विकायला गेल्यावर बरं बोलवतं!… काय सांगितलं ते तरी सांगा… 'आमच्या सुनेचं तुमच्याशी जमतंय, म्हणून आलो.' धन्य! धन्य तुमची… नाही, मी ओरडत नाही. मी कुठं ओरडू राह्यले?"

त्या खरंच ओरडत नव्हत्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

मग झालं. लुनावाल्याला पुढं जाऊ देणं, चाळीसची पाटी, चिखलात उतरवलेली गाडी, या सगळ्याचं वजन एका क्षणात गेलं. नवऱ्या मुलीचा सासरा शेजारी बसलेला असताना कोण गाडी पळवील? आणि ज्या मोरीवर त्याचा मुलगा गेला, तिथं त्याच्या डोळ्यांदेखत कोण डांबर अडवून धरील? लोटननं मुद्दाम केलं असेल, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. पण मुद्दाम केलं नसेल, असंही आता म्हणता येत नव्हतं.

"नाही, मी त्याला लबाड नाही म्हणत… अहो, ऐका ना. चांगला असेल. असेलच. पण एक दिवस चांगलं वागायला काय लागतं माणसाला?… काय बोलता! आपला लीलाधर बी हळूच चालवायचा. हाव. मी शेजारी बसले की… आठवतं ना, मावशीच्या घरी मला घेऊन गेला होता, भरल्या गाडीतून? सारखा म्हणायचा, 'माय, तू बसली की गाडीला बैल जुंपल्यासारखं वाटतं.' पण एकदा बी पळवली नाही त्यानं. मी येऊन तुम्हाला काय सांगितलं होतं? म्हटलं, आपल्या पोराची काळजी नको, फार जपून चालवतो… हेच सांगितलं होतं ना मी?… मग? आईला कळलं नाही शेजारी बसून, तुम्हाला काय कळणार?"

कुंदाबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नको. कौतिकला मी सांगते, जमत नाही म्हणून. वाईट वाटेल त्याला, मला बी वाटतं. पण तिला मी पुन्हा फोनपाशी बसवणार नाही, उन्हं उतरेपर्यंत. मी बसते ना, पुरे झालं. या घरात एकीनं बसलेलं पुरे झालं."

बोलता बोलता त्यांनी मान वळवली. लता पुन्हा उंबऱ्याशी आली होती. तिनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. फक्त ती दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत होती, जणू तिथं काही लिहिलेलं होतं आणि ते पुसायचं होतं.

"हाव… हाव, या तुम्ही एस.टी.नं. आणि पुढं बसू नका, मधल्या बाकावर बसा… भूक लागली? मग खा ना काहीतरी तिथं. सकाळी ढाब्यावर खाल्लं नाही का?… बेबाबाईचा? धरणगावच्या पुढं, तो?… बरं, सांगा आता शेवभाजीचं, मघापासून तुमच्या पोटात राहिलंय ते… मऊ? पार लगदा?… मग ताजी मागायची… तुम्हाला ताजीच दिली? मग लगदा कोणाची?… त्याची? त्याच्या ताटातलं तुम्ही कशाला चाखायला गेले? लाज…"

त्या बोलता बोलता थांबल्या.

"थांबा. थांबा जरा. तुमची ताजी आणि त्याची मऊ? एकाच वेळी बसले ना दोघं?… झाकलेलं होतं? काय झाकलेलं होतं?… त्याचं ताट. त्यानं मागायच्या आधीच आणून ठेवलं?… कावून झाकून ठेवलं होतं तिनं?… अहो, शेव राहू द्या! बेबाबाई काय म्हणाली, ते सांगा. तिचे शब्द सांगा, तुमचे नको."

खान्देशातल्या कोणत्याही बाईला हे सांगावं लागत नाही. शेवभाजीत शेव टाकायची ती वाढताना. रश्श्यात थोडा वेळ राहिली तरी ती मऊ पडते, आणि बराच वेळ राहिली तर शेव उरतच नाही. कोणताही ढाबेवाला गिऱ्हाइकासाठी शेव घालून ताट आधी काढून ठेवत नाही. ठेवतो तो फक्त ज्याची सवय ठाऊक झालेली असते, त्याच्यासाठी.

"हं… 'याच्याबरोबर भरलेल्या सगळ्या गाड्या येतात, जेवतात, हात धुऊन जातात.' हं… 'आणि मी भट्टी विझवायला घेतली की याची गाडी वळणावर दिसते.'… नेहमी? नेहमी म्हणाली ती?… 'एकट्यासाठी भट्टी पुन्हा कोण पेटवील? म्हणून बाकीच्यांबरोबर याचं बी काढते आणि झाकून ठेवते.' असं म्हणाली?… आणि तो काय म्हणाला?… 'कुरकुरीत शेव कशी लागते, तेच मी विसरलो.'"

कुंदाबाई उभ्या राहिल्या होत्या. रिसीव्हरची वायर ताणली गेली.

"हे चिखलाच्या आधी की नंतर?… आठवून सांगा. ढाबा आधी, मोरी नंतर. म्हणजे तेव्हा गाडी कुठं अडकली नव्हती. नुसती हळू म्हणून उशीर… बरं, तुम्ही येणार हे तिला कोणी सांगून ठेवलं असेल?… नाही, मला संशय घेऊ द्या, आता घेतला नाही तर कधी घेऊ? झाकलेली ताटं किती होती? एक की दोन?… एकच. तुमचं नव्हतंच. तुम्हाला पाहून तिनं कपाळाला हात लावला?… आणि मग तुमच्यासाठी भट्टी पुन्हा पेटवली… अहो… अहो, हे तुम्ही मला पहिल्यांदा का नाही सांगितलं?… हाव, सुरू केलं होतं. मीच नाही ऐकलं."

त्यांनी उघड्या दारातून स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर त्यांचं स्वतःचं ताट होतं, दुसऱ्या ताटानं झाकलेलं. शेजारी बसून गाडी पाहता येते, माणूस पाहता येत नाही. पण झाकलेलं ताट एका दिवसात होत नाही. त्याला रोजचा उशीर लागतो, आणि तो उशीर ओळखून आपली वाट पाहणारं कोणीतरी लागतं. बेबाबाईला ना लता ठाऊक होती, ना लीलाधर. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की ही गाडी सगळ्यांच्या मागून येते, आणि येतेच.

"अहो, थांबा लाइनीवर. तिच्याजवळ देते… नाही, मी नाही सांगणार. हो बी नाही आणि नाही बी नाही. मी आता काहीच नाही म्हणत. तिचं तिला बोलू द्या… लता, इकडे ये. आबा आहेत. बोल."

लता पुढं आली. ओले हात तिनं पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. रिसीव्हर कुंदाबाईंच्या हातात धरून धरून गरम झाला होता.

"आबा?… हो, मी… नाही, जेवल्या नाहीत त्या. झाकून ठेवलंय… मी जेवले… खरंच जेवले, आबा… ऐकलं. सगळं नाही, आईंचं तेवढं… आबा, तुम्ही त्या मोरीवरून गेलात?… उतरलात खाली?… हं… हं… नका रडू. मी पण नाही रडत, बघा… माझं? माझं काय विचारायचं… कोण? तिथंच आहेत?… बाहेर, गाडीजवळ… नको, आबा. मी काय बोलू?… नको हो…"

तिनं कुंदाबाईंकडे पाहिलं. कुंदाबाईंनी काहीच खूण केली नाही. फार अवघड गेलं त्यांना ते. आयुष्यभर सुनेला, मुलाला, नवऱ्याला काही ना काही खूण करत आलेली बाई ती. त्या नुसत्या आत गेल्या आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मागून लताचा आवाज आला.

"बरं. द्या."

धुळ्याच्या त्या बूथमध्ये कोणीतरी आत येत असेल, आबा बाहेर सरकत असतील. त्या एवढ्याशा पेटीत दोन माणसं कशी मावणार?

"हॅलो… हो… मी लता… येतं ऐकू… … हो… … नाही, त्या रागावलेल्या नाहीत. त्यांचा आवाजच तसा आहे…"

कुंदाबाईंनी पाठमोऱ्याच डोळे मिटले.

"… हो, कौतिकभाऊंनी सांगितलं होतं मला, तुम्ही काय विचारलं ते… … मी तेव्हा म्हटलं, आई म्हणतील तसं… … नाही, आता तसं नाही… … आज लगेच सुरतेला?… उशीर झाला ना फार… बोलतील ते लोक तुम्हाला… … सवय आहे?… …" इथं तिच्या आवाजात किंचित हसू आल्यासारखं वाटलं. "… आणि येताना? येताना काय असतं गाडीत?… रिकामी?"

कुंदाबाईंचा हात ओट्यावरच थांबला. रिकामी गाडी म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं, लतालाही ठाऊक होतं. मागं ओझं नसतं, तोंड घराकडे असतं, माल पिकायची चिंता नसते आणि पायाखालचं इंजिन हलकं झालेलं असतं. भरली गाडी जपणारेही रिकामी पळवतात. त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक भरल्या गाडीसाठी खाली उतरायचं तेही त्यांनीच. लीलाधर गेला तो भरल्या गाडीत, पण त्याच्या रिकाम्या गाडीचा आवाज गावाच्या शिवेवरून ऐकू यायचा, आणि तो ऐकून लता चुलीवर तवा ठेवायची.

बाहेर फोनजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रिकामी असली तरी…" लता म्हणाली, आणि थांबली. मग सगळं एका दमात म्हणाली, "रिकामी असली तरी हळूच या. कितीही उशीर होऊ द्या. मी झाकून ठेवीन."

कुंदाबाईंनी ताटावरचं ताट उचललं. भाकरी गार झाली होती, वरण घट्ट झालं होतं. त्या तिथंच पाटावर बसल्या आणि पहिला घास त्यांनी तोंडात घातला.

"हॅलो?…" लता म्हणत होती. "हॅलो?… ऐकलंत का?… हॅलो?… हो?… ऐकलं?… हं."

लाइनीत खरखर झाली आणि फोन तुटला. लतानं पुन्हा हॅलो म्हटलं नाही. तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला, अगदी हळू.